कॅनिंगचं पुस्तक निवडताना: आधी कोष्टकं वाचा, फोटो नंतर बघा

घरी जॅम, टोमॅटो सॉस, व्हिनेगरमधली लोणची, फळांच्या फोडी हवाबंद बरणीत भरून वर्षभर ठेवायच्या, म्हणजे कॅनिंग करायचं, असं मनात आलं की बहुतेक जण आधी बरण्या घेतात, मग मोठं पातेलं शोधतात आणि पुस्तकाकडे सगळ्यात शेवटी वळतात. पुस्तक आधी घ्यावं. बरणी कोणत्या मापाची हवी, भांडं किती खोल हवं, तुमच्या गावात किती मिनिटं उकळायचं, हे सगळं त्यातूनच ठरतं.

नेहमीच्या पाककृतींच्या पुस्तकात चूक असली तर भाजी खारट होते, केक बसतो, आपण लेखकाच्या नावाने बोटं मोडतो आणि पुढे जातो. कॅनिंगच्या पुस्तकातली चूक कपाटात जाऊन बसते, आणि पुष्कळदा तिला ना वास येतो ना रंग. म्हणून ही पुस्तकं मी फोटोंवरून किंवा पाककृतींच्या संख्येवरून जोखत नाही. सुरुवातीची जी रूक्ष पानं सगळे उलटून टाकतात, ती नीट असतील तरच पुस्तक घ्यावं.

बरणीत काय जाणार ते आधी ठरवा

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू मातीत सगळीकडे असतात. हवा नाही, आंबटपणा कमी, ओल आहे आणि तापमान खोलीचं, अशी जागा मिळाली की ते रुजतात आणि विष तयार करतात. हवाबंद बरणी म्हणजे नेमकी तशीच जागा. नुसत्या उकळत्या पाण्याने हे बीजाणू मरत नाहीत; त्याला ११६ ते १२१ अंश सेल्सिअस लागतं आणि तेवढी उष्णता दाबाखालच्या वाफेतच मिळते. मात्र पदार्थाचा पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर ते रुजतच नाहीत.

या एका आकड्याने कॅनिंगचे दोन भाग पडतात. जॅम, जेली, बहुतेक फळं, व्हिनेगरमधली लोणची आणि वरून आम्ल घातलेले टोमॅटो हे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात होतात. मटार, मका, फरसबी, मांस, मासे, कडधान्यं यांना प्रेशर कॅनर, म्हणजे दाबाखालच्या वाफेवर चालणारं मोठं भांडं लागतं.

आपला घरचा कुकर इथे चालत नाही. शिट्टीच्या कुकरमध्येही दाब असतो, मग अडचण काय, असं वाटणं साहजिक आहे. पण लहान कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो. तपासलेल्या वेळांमध्ये मोठं भांडं सावकाश तापण्याची आणि निवण्याची उष्णताही धरलेली असते, ती इथे मिळत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या मते कॅनर म्हणवणाऱ्या भांड्यात एकेक क्वार्टच्या, म्हणजे जवळपास लिटरभराच्या, निदान चार बरण्या उभ्या राहायला हव्यात. विजेवर चालणारे मल्टिकुकरही या कामाला ते खातं मान्य करत नाही.

तेव्हा पुण्यात किंवा कोल्हापुरात राहून स्ट्रॉबेरी जॅम, पेरूची जेली आणि टोमॅटो एवढंच करायचं असेल, तर अर्धंअधिक प्रेशर कॅनिंगला वाहिलेलं जाड पुस्तक घेण्यात अर्थ नाही. त्या पैशांत बरण्या येतील. उलट अमेरिकेत मागच्या अंगणात फरसबी, मका लावणाऱ्या मराठी घराला जॅम-जेलीचं सुंदर पुस्तक ऑगस्टमध्ये काही कामाचं नाही.

एक पर्याय लोक विसरतात. मटार फ्रीझरमध्ये उत्तम टिकतात, मेथी आणि कैरी वाळवून टिकते. साठवणीच्या सगळ्याच पद्धती हव्या असतील तर गोठवणं आणि वाळवणं दोन्ही शिकवणारं पुस्तक बघा. नुसतं कॅनिंगचं पुस्तक तुम्हाला प्रत्येक भाजी बरणीतच कोंबायला लावेल.

तुमचं गाव किती उंचावर आहे?

समुद्रसपाटीपासून वर जाल तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला ढोबळ मानाने एक अंशाने. मुंबईत आणि रत्नागिरीत १०० अंशांना उकळणारं पाणी पुण्यात, ५६० मीटरवर, साधारण ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे ते ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. तिथे बरण्या तेवढीच मिनिटं उकळल्या तर त्यांना कमी उष्णता मिळते.

पुस्तकातली मूळ वेळ शून्य ते १,००० फुटांसाठी, म्हणजे ३०५ मीटरपर्यंत असते. उदाहरणार्थ, बाजारचं पेक्टिन (फळातला जॅम घट्ट करणारा घटक) न घालता केलेल्या स्ट्रॉबेरी जॅमची अमेरिकेत तपासलेली वेळ १,००० फुटांपर्यंत ५ मिनिटं, त्यापुढे ६,००० फुटांपर्यंत १० आणि त्याहून वर १५ मिनिटं आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि खुद्द महाबळेश्वर, सगळे मधल्या गटात येतात. नागपूर ३१० मीटरवर, अगदी कुंपणावर आहे. अशा वेळी वरचा गट धरावा. डेन्व्हरला राहणाऱ्यांना हे सांगायलाच नको, त्यांचं शहर बरोबर एक मैल उंचावर आहे.

प्रेशर कॅनरमध्ये वेळ तीच राहते, दाब वाढतो. वजनाच्या शिट्टीचा कॅनर असेल तर १,००० फुटांपर्यंत १० पौंड आणि त्यावर १५ पौंड. काट्याचा असेल तर २,००० फुटांपर्यंत ११ पौंड, आणि पुढे दर २,००० फुटांना एकेक पौंड जास्त.

पुस्तक हातात आलं की हे कोष्टक शोधा. प्रत्येक पाककृतीखाली असेल तर फारच छान, सुरुवातीला एकदाच दिलेलं असेल तरी चालेल. कुठेच नसेल तर पुस्तक परत ठेवा, मग ते कितीही नावाजलेलं असो. महाराष्ट्राचा निम्म्याहून जास्त भाग पठारावर आहे, आपल्यासाठी ही पहिली चाळणी आहे.

एक पाककृती पूर्ण वाचा

आता मधलं कुठलंही पान उघडा. दोन नमुने शेजारी ठेवून सांगते.

पहिलं पुस्तक म्हणतं: "जॅम घट्ट झाला की गरम असतानाच स्वच्छ बरणीत भरा, झाकण घट्ट लावा आणि बरणी उलटी करून गार होऊ द्या. वर्षभर टिकतो." दुसरं म्हणतं: अर्धा पिंट किंवा एक पिंटच्या (पिंट म्हणजे साधारण अर्धा लिटर) बरण्या, आधी निर्जंतुक केलेल्या, गरम जॅम भरताना तोंडाशी पाव इंच जागा सोडा, बुडबुडे काढा, काठ ओल्या फडक्याने पुसा, झाकण बोटांनी लागेल तेवढंच लावा, उकळत्या पाण्यात अमुक उंचीला अमुक मिनिटं.

दुसरं घ्या. बरणी उलटी केल्याने झाकण कधी कधी चिकटतं खरं, पण वरच्या पोकळीतली बुरशी मेल्याची खात्री नसते आणि सीलही कच्चं राहतं. दुसऱ्या नमुन्यातला प्रत्येक तपशील कशासाठी तरी आहे. बरणीचं माप बदललं की उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ बदलतो. तोंडाशी जागा कमी सोडली तर पदार्थ उकळून झाकणाखाली येतो आणि सील बसत नाही. जास्त सोडली तर हवा आत राहते. जॅमला पाव इंच, फळांना आणि टोमॅटोला अर्धा इंच, प्रेशरमध्ये जाणाऱ्या भाज्यांना साधारण एक इंच, हे आकडे चांगल्या पुस्तकांत सारखेच दिसतात. आणि बरण्या आधी निर्जंतुक करायची अट फक्त १० मिनिटांपेक्षा कमी प्रक्रियेला असते. हा बारकावा ज्या पुस्तकात आहे, ते लिहिणाऱ्याला विषय कळलेला आहे असं समजा.

मग टोमॅटोचं पान काढा. टोमॅटो आपल्याला आंबट लागतो, पण त्याचा पीएच ४.६च्या आसपास खालीवर होत असतो. म्हणून प्रत्येक क्वार्ट बरणीत बाटलीतल्या लिंबाच्या रसाचे दोन मोठे चमचे किंवा सायट्रिक ॲसिडचा अर्धा छोटा चमचा, आणि पिंटला त्याच्या निम्मं घालायला सांगितलेलं असतं. झाडाचं लिंबू असताना बाटलीतला रस का, याचं उत्तर साधं आहे: ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, बाटलीतला ठरावीक असतो. टोमॅटोत आम्ल घालायला न सांगणारं पुस्तक जुनं आहे किंवा निष्काळजी आहे. भारतातल्या वाचकाने सायट्रिक ॲसिडचा पर्याय देणारं पुस्तक घ्यावं. लिंबूसत्व म्हणून ते किराणा दुकानात सहज मिळतं.

तिसरी तपासणी लसणाची. तेलात बुडवलेला लसूण म्हणजे कमी आंबट पदार्थ आणि हवा नाही, बोट्युलिनमची आवडती जागा. चांगलं पुस्तक तो फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायला सांगतं. कपाटात ठेवायला सांगणारं पुस्तक तिथेच मिटा. तेलातली मिरची-लसणाची चटणी बरणीत भरून परदेशी पाठवणाऱ्या घरांनी हे पान जरूर वाचावं.

भोपळ्याचा गर, पीठ किंवा कॉर्नफ्लोअर घातलेलं सूप, भात, दूध-लोणी घातलेले पदार्थ यांचं घरगुती कॅनिंग शिकवणारी पुस्तकंही नकोत. गर आणि दाट पदार्थांत उष्णता मध्यापर्यंत नीट पोचत नाही. भोपळा प्रेशर कॅनरमध्ये फक्त फोडींच्या रूपात चालतो.

साल आणि देश

छापल्याचं साल बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याचं घरगुती कॅनिंगचं संपूर्ण मार्गदर्शक १९८८ साली आलं, नंतर १९९४, २००६, २००९ आणि २०१५ साली सुधारलं गेलं. त्याआधीची पुस्तकं रद्दीच्या दुकानात किंवा परदेशी राहणाऱ्या आत्याच्या कपाटात मिळतात, दिसायला गोड असतात. चाळावीत, त्यावरून बरण्या भरू नयेत. जॅमवर पातळ मेण ओतायला सांगितलं असेल किंवा बरण्या ओव्हनमध्ये तापवून "कॅनिंग" केलेलं असेल, तर सालाचं पान फाटलेलं असलं तरी काळ कळतोच.

देशाचा फरक जास्त गोंधळात टाकतो. ब्रिटिश परंपरेत भरपूर साखरेचा जॅम गरम बरणीत भरून मेणकागदाची चकती ठेवतात आणि झाकण लावतात. उकळत्या पाण्यात पुन्हा प्रक्रिया नसते. तिकडच्या थंड कोठारात हे चालत आलं. कोकणातल्या जुलै महिन्यात चालेल यावर मी पैज लावणार नाही. जर्मन पुस्तकं काचेचं झाकण आणि रबराच्या कड्याच्या बरण्या गृहीत धरतात, ऑस्ट्रेलियन पुस्तकं त्यांच्याकडच्या वेगळ्याच बरण्या. तुमच्याकडे जी बरणी आहे किंवा सहज मिळते, तिचं पुस्तक घ्या. भारतात ऑनलाइन मिळणाऱ्या मेसन बरण्यांना, म्हणजे चपटी चकती आणि कडं अशा दोन भागांच्या झाकणांना, अमेरिकी पुस्तकं जुळतात.

मापंही बघायला हवीत. अमेरिकी पिंट ४७३ मिलिलिटर, ब्रिटिश ५६८. अमेरिकी क्वार्ट साधारण ९५० मिलिलिटर. ऑस्ट्रेलियन मोठा चमचा २० मिलिलिटरचा, बाकीच्यांचा १५चा. भाजीत हे खपून जातं. लिंबाच्या रसाच्या किंवा व्हिनेगरच्या मापात खपवू नये. ग्रॅममध्ये वजन देणारं पुस्तक मिळालं तर इतर बाबतींत बरोबरीच्या पुस्तकांपेक्षा ते उजवं धरा.

साहित्य इथे मिळतं का?

व्हिनेगरबद्दल सावध राहा. अमेरिकी पुस्तकातलं लोणचं ५ टक्के आम्लतेच्या व्हिनेगरवर बेतलेलं असतं. आपल्याकडे कायद्याने किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड चालतं आणि दुकानातल्या पुष्कळ बाटल्या ४ टक्क्यांच्या असतात. अशा व्हिनेगरमध्ये पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बरोबरीचं पाणी घातलं तर लोणचं ठरल्यापेक्षा सौम्य होतं आणि सुरक्षिततेचं गणितच कोलमडतं. पाणी अंदाजाने कमी करत बसण्यापेक्षा लेबल वाचून ५ टक्क्यांचं व्हिनेगर आणा, किंवा ते लोणचं फ्रीजमध्ये ठेवा.

पेक्टिनचंही तसंच. अमेरिकेतली बरीच जॅमची पुस्तकं तिथल्या पेक्टिनच्या पाकिटांवर उभी आहेत. पावडर, द्रव आणि कमी साखरेसाठीचं, हे तीन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ते इथे सहज मिळत नसेल तर फळ आणि साखर सावकाश आटवून केलेल्या जॅमच्या पाककृती ज्यात जास्त आहेत, असं पुस्तक शोधा. पेरू, करवंद, सफरचंद यांच्यात स्वतःचं पेक्टिन भरपूर असतं, त्यांना पाकिटाची गरज नाही. स्ट्रॉबेरीत कमी असतं, तिथे लिंबू आणि धीर लागतो.

मग सूचीत स्वतःची फळं शोधा. आंबा असतो, पण बहुधा चटणीपुरता. पिकलेल्या आंब्याचा आंबटपणा जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतो, त्यामुळे त्याच्या गरात लिंबाचा रस घालायला सांगणाऱ्या पाककृतीच भरवशाच्या. आवळा, कोकम, करवंद पाश्चात्त्य पुस्तकांत मिळणार नाहीत. तिथली गूजबेरी म्हणजे आवळा नव्हे, तेव्हा अदलाबदल करू नका.

फोडणी घालायची की नाही

मराठी हाताला हे सगळ्यात जड जातं. अमेरिकेतल्या पुस्तकात टोमॅटो, कांदा, मिरचीची साल्सा असते आणि आपल्याला त्यात आणखी आठ हिरव्या मिरच्या, मूठभर लसूण, कोथिंबीर आणि वरून हिंगाची फोडणी हवी असते. तसं करता येत नाही. कांदा, मिरची, लसूण कमी आंबट. त्यांचं प्रमाण वाढवलं की पूर्ण पदार्थाचा पीएच वर सरकतो. तेल घातलं की उष्णता पोचण्याची रीतच बदलते.

म्हणून काय बदलता येतं आणि काय नाही, हे स्पष्ट लिहिणारं पुस्तक आपल्याला लागतं. ढोबळ नियम असा: कोरडे मसाले कमीजास्त करता येतात, जिरं-तिखट-हळद चालते, तिखट मिरचीऐवजी सौम्य मिरची त्याच मापात चालते, भाज्यांचं प्रमाण, आम्ल आणि बरणीचं माप बदलायचं नाही. फोडणी बरणी उघडल्यावर, ताटात वाढताना घाला. चव बरीच जुळते आणि हिंगही ताजा लागतो.

आपलं तेलातलं लोणचं, मुरांबा, साखरांबा या पुस्तकांत शोधू नका. ते मिठावर, तेलावर, साखरेवर टिकतात. त्यांचं शास्त्र निराळं आणि त्यासाठी आपल्याकडची जुनी पुस्तकं आणि सासूबाई पुरेशा आहेत.

कोणाला कोणतं

सुरुवातीला पैसे खर्च करूच नका. अमेरिकी कृषी खात्याचं मार्गदर्शक पीडीएफ रूपात फुकट मिळतं. त्याचे सात भाग आहेत: तत्त्वं, फळं, टोमॅटो, भाज्या, मांस-मासे, आंबवलेले पदार्थ व लोणची, आणि जॅम-जेली. पहिला आणि सातवा भाग छापून घेतला तरी एक हंगाम निघतो. लिखाण सरकारी आहे, फोटो जवळपास नाहीत, पण कोष्टकं चोख. जॉर्जिया विद्यापीठातलं घरगुती अन्नसंरक्षणाचं राष्ट्रीय केंद्रही तपासलेल्या पाककृती संकेतस्थळावर फुकट देतं.

कॅनिंगबरोबर गोठवणं आणि वाळवणंही शिकायचं असेल तर त्याच विद्यापीठाचं 'सो ईझी टू प्रिझर्व्ह' घ्यावं. सहावी आवृत्ती २०१४ची आहे. माझ्या मते एकच पुस्तक घ्यायचं झालं तर हे.

पाककृतींची विविधता हवी असणाऱ्यांसाठी बॉल या बरण्यांच्या कंपनीची पुस्तकं आहेत. त्यांचं 'ब्लू बुक' १९०९पासून निघतंय, पातळ आणि स्वस्त. नवी आवृत्ती बघून घ्या. २००६ साली आलेल्या त्यांच्या जाड पुस्तकात ४०० पाककृती आहेत. त्यातल्या पुष्कळ आपण आयुष्यात करणार नाही, पण साल्सा आणि चटण्यांचं प्रकरण मराठी जिभेला आवडण्यासारखं आहे. कंपनी आपलंच पेक्टिन खपवते, हे मात्र वाचताना ध्यानात ठेवा.

दोघांचंच घर असेल तर दोन-तीन बरण्यांच्या घाण्याची पुस्तकं बघा. जॅमच्या पाककृती एका वेळी दुप्पट करू नयेत, तो नीट जमत नाही. त्यामुळे मूळ प्रमाणच लहान असलेलं बरं.

विकायचा विचार असेल तर हौशी पुस्तकं बाजूला ठेवा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलेलं गिरधारी लाल, सिद्दप्पा आणि टंडन यांचं फळं-भाज्यांच्या संरक्षणावरचं पुस्तक कारखानदारीच्या अंगाने लिहिलेलं आहे. त्यात ब्रिक्सची, म्हणजे साखरेचं प्रमाण मोजण्याच्या मापाची भाषा आहे आणि आपली फळं आहेत. कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रशिक्षणातल्या पुस्तिकाही या कामी येतात. त्यांत सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या टिकवणाऱ्या रसायनांचा वापर असतो. दुसरं आंबा-लिंबाच्या सरबताला चालतं, जांभूळ-कोकमाचा रंग मात्र उडवतं. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वेगळी करावी लागते.

पुस्तक ऑनलाइन घेत असाल तर आधी नमुन्याची पानं उघडून उंचीचं कोष्टक, टोमॅटो आणि लसूण एवढं बघा. सूचीत तुम्ही खरोखर कराल अशा दहा पाककृती सापडल्या नाहीत तर घेऊ नका. ग्रंथालयात किंवा मैत्रिणीकडे मिळालं तर एक घाणा करून मग ठरवा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरनंतर भरात येते, त्याआधी पुस्तक आणि बरण्या घरात असाव्यात. झाकणाची चपटी चकती एकदाच वापरायची असते, तेव्हा चकत्या जास्तीच्या मागवा.